पावसात तुम्ही तिथं करता तरी काय?

चौकुळ, ता. सावंतवाडी
२७ जुलै

प्रिय सुधा,

तुझं पत्र परवा मिळालं. पाकीट इतकं ओलं होतं की फाडायची गरजच पडली नाही. ‘ढगात बसून तुम्ही दोघं करता तरी काय?’ हे वाक्य मी ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तर म्हणाले, “लिही, मोजतो.”

खोटं नाही ते. पाटबंधारे खात्यात जन्म गेला, सवय कशी सुटणार? अंगणात मोकळ्या जागी पर्जन्यमापक लावलाय. हवामान खात्याची वेळ सकाळी साडेआठची, म्हणून आमच्या घरातही साडेआठला सगळं थांबतं. डोक्यावर खोळ घेऊन हे बाहेर जातात, नरसाळं काढतात, काचेच्या मापात पाणी ओततात, डोळ्यासमोर धरून वाचतात आणि वहीत लिहितात. चहा त्यानंतर. शंभर मिलिमीटरच्या वर आकडा गेला की चेहरा असा खुलतो, जणू पाऊस ह्यांनीच पाडलाय. शेजारच्या आंबोलीची वर्षाची सरासरी साडेसात हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तीनशे इंच. तुमच्या पुण्यात वर्षभरात पडतो तेवढा इथं आषाढातल्या एखाद्या नेटाच्या आठवड्यात पडून जातो. समुद्रावरून आलेला वारा घाटाच्या भिंतीला आपटून वर चढतो, गार होतो आणि सगळं ओझं इथंच टाकतो. गडहिंग्लजपर्यंत जाताना त्याच्याकडे पाव हिस्साही उरत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, कुठल्या महिन्यात यायचं. जुलै-ऑगस्टात येऊ नकोस. घाटातला धबधबा बघायला शनिवार-रविवारी इतकी माणसं लोटतात की गाड्या तासन्‌तास हलत नाहीत, आणि भिजलेली पोरं खाल्लेली कणसं रस्त्यावर टाकून जातात. त्यात एखादी दरड आली की सावंतवाडीकडून येणाऱ्यांचं झालंच. कावळेसादच्या कड्यावर दरीतून वारा असा वर येतो की पडणारं पाणी उलटं तोंडावर येतं. ते बघण्यासारखं आहे, नाही म्हणत नाही. पण ते बघायला आठवड्यातला आडवार हवा आणि मुक्कामाला माणसं हवीत. एका दिवसात बघून परत जाण्याची ती जागा नव्हे.

माझं मत विचारशील तर इथला सगळ्यात चांगला हंगाम कुणी मोजतच नाही. मे महिन्याचा शेवटचा पंधरवडा आणि मृगाचे पहिले दिवस. आगोटीचे, म्हणजे पावसाळ्याच्या तयारीचे दिवस. ह्यांना हे पटत नाही, त्यांच्या लेखी पावसाळा आकडा पडल्यावरच सुरू होतो. मला मात्र तो पडायच्या आधीचा आवडतो. आधी गावातला गडी येऊन कौलं परततो, फुटकी बदलतो, वाशाला कुठं वाळवी लागलीय का ते ठोकून बघतो. मग पडवीच्या पश्चिमेला झडपा बांधायच्या. पूर्वी माडाच्या झावळांच्या असायच्या, आता निळं प्लास्टिक. दिसायला वाईट, पण वाऱ्याला टिकतं. लाकडं चिरून पडवीत छतापर्यंत रचायची, ओली खाली आणि सुकी वर असं करायचं नाही. शेजारच्या वहिनींनी ते मला पहिल्या वर्षी हाताला धरून शिकवलं. त्या सावंतवाडीच्या बाजाराची यादी पण स्वतःच सांगतात: सुका बांगडा, जवळा, कोकमं, कुळीथ, उकडा तांदूळ, जाडं मीठ, मेणबत्त्या. “पावस इलो काय मगे बाजार खंयचो!” असं म्हणून माझ्या पिशवीत आणखी एक किलो कांदे ढकलतात.

फणसाच्या आठळ्या धुऊन, वाळवून, राखेत घालून ठेवल्या आहेत. सांडगी मिरच्या झाल्या, फणसपोळी झाली. दोन माणसांना हे सगळं कशाला, असं माझी सून फोनवर म्हणते. फोन लागला तर. सूनबाईंना ते खरंच वाटतं, कारण तिच्या दारात रात्री बारालाही दूध येतं. इथं एकदा झड लागली की चार-पाच दिवस आम्ही गेटाबाहेर पडत नाही. तेव्हा डाळ-भात, त्यावर भाजलेला बांगडा, नाहीतर कुळथाची पिठी आणि आठळ्या घातलेली भाजी. आपण जमवलेलं आपणच बसून खायचं, यात काय मजा आहे ते तुला इथं येऊन कळेल. पत्रात नाही सांगता येत.

त्याच दिवसांत संध्याकाळी ढग दाटून येतात, अजून पडत नाहीत, आणि मागच्या ऐनाच्या झाडांत काजवे पेटतात. मग एके रात्री वारा सुटतो, जांभळं पटापटा कौलांवर पडतात. त्यानंतर पाऊस.

सध्या पुष्य चालू आहे, म्हणजे म्हातारा पाऊस. तरणा, म्हणजे पुनर्वसूचा, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात धिंगाणा घालून गेला. म्हातारा एका जागी बसून कुरकुरत राहतो, काल सकाळपासून एकदाही थांबलेला नाही. भिंतींना बुरशी, चपलांना बुरशी, ह्यांच्या पट्ट्याला बुरशी. पुस्तकांच्या कपाटात १५ वॅटचा दिवा रात्रंदिवस जळतो, म्हणजे वीज असेल तेव्हा. कपडे चुलीवरच्या दोरीवर वाळतात, त्यामुळे आम्हा दोघांनाही सदैव धुराचा वास येतो. तू येशील तेव्हा नाक मुरडू नकोस.

तरी पण ऐक. आमच्या न्हाणीघरामागं पाण्याचा एक हौद आहे, त्यावर अळवाची आणि करवंदीची पानं झुकलेली. जूनच्या शेवटी एका पानाखाली फेसाचा पांढरा गोळा लटकलेला दिसला. मला वाटलं साबणाचा असेल, म्हणून काढायला गेले, तर हे धावत आले. उडत्या बेडकाचं घरटं होतं ते! हिरवागार बेडूक, बोटांमध्ये तांबडा पडदा, झाडावरून तरंगत खाली उतरतो. मादी पाण्यावर झुकलेल्या पानाला फेस करून त्यात अंडी घालते. काही दिवसांनी फेस विरतो आणि पिल्लं टपाटपा खाली पाण्यात पडतात. पडली तीही. तेव्हापासून हौद घासायला मला बंदी आहे. भांडी बाहेर पागोळीखाली घासते, पाण्याला काय कमी आहे?

या भागात अशी बरीच मंडळी आहेत. इथल्या जांभ्याच्या उघड्या पठारावरचा, म्हणजे सड्यावरचा, एक छोटा भेक २००९ साली शास्त्रज्ञांनी नवीन म्हणून नोंदवला. आंबोलीत हिरण्यकेशीचं देऊळ आहे, गुहेतून नदी उगम पावते तिथं. त्या कुंडातला बोटाएवढाही नसलेला मासा २०२० साली जगाला नव्यानं कळला, आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. जागा किती, तर २.११ हेक्टर. तुझ्या मुलाच्या सोसायटीपेक्षा फार मोठी नसेल. तिथं हात जोडून उभं राहिलं की एक गंमत मनात येते. कुंडातलं हे पाणी आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला आणि तिथून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जातं. तेच दोन-चार किलोमीटर पलीकडे कड्यावर पडलं असतं तर अरबी समुद्रात गेलं असतं.

तू म्हणशील, सगळं गोडच सांगतेस. नाही गं. पहिल्या पावसाळ्यात मी आषाढातच कोल्हापूरला बहिणीकडे निघून गेले होते आणि ह्यांना सांगितलं होतं, तुमचा पाऊस तुम्ही मोजा. ह्यांनी दोन आठवडे एकट्यानं पिठलं-भात खाल्ला आणि एकदाही फोन करून ये म्हणाले नाहीत. रागच आला होता. परतले तर पडवीत माझ्या खुर्चीमागं झडपेचा एक जादा थर बांधलेला, तिथं वारा लागतो म्हणून. बोलले काहीच नाहीत. मीही नाही बोलले. आता आम्ही भांडतो ते अगदी ठरावीक गोष्टींवर: रेडिओ कुठल्या स्टेशनला लावायचा, आणि भांग्या मांजराला घरात घ्यायचं की नाही. मांजर घरातच असतं.

आता तुझ्या येण्याबद्दल. चतुर्थीनंतर ये. मघा म्हणजे सासूचा पाऊस, पूर्वा म्हणजे सुनांचा. तो संपत आला की उन्हं पडायला लागतात. गणपतीत आलीस तर माटवी बघायला मिळेल. कवंडळं, हरणं, तेरडे, शेरवडं असं जंगलातलं जे जे त्या दिवसांत सापडतं ते गणपतीच्या डोक्यावर टांगतात. पण तेव्हा घर मुंबईकरांनी भरलेलं असतं आणि तुला मांजरासोबत पडवीत झोपावं लागेल. त्यापेक्षा गौरी-गणपती झाल्यावर. तेव्हा चौकुळचा सडा बघण्यासारखा होतो. नुसता काळा जांभा, वर वीतभर माती नाही. तरी त्यावर सोनकीचा पिवळा, गेंदांचा पांढरा आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा असे थरच्या थर. ही सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण जमिनीखाली बारीक पिशव्या पसरून किडे खातात. सड्याच्या मातीत नत्र अगदी कमी, बिचारी दुसरं काय खाणार! यंदा कारवी फुलेल असं म्हणू नकोस, ती सात वर्षांनी एकदाच फुलते आणि आमचं ते वर्ष अजून लांब आहे.

थंडीचं फार सांगत नाही. भात कापून झोडून झालं की धुकं येतं, शेकोटी पेटते, नऊ वाजेपर्यंत पांघरुणातून निघावंसं वाटत नाही. सुंदर असतं, पण सुंदर थंडी तुला महाबळेश्वरातही मिळेल. गव्यांचं मात्र सांगते. संध्याकाळी सातनंतर एकटी वाटेवर जायचं नाही. परवा कोपऱ्यावरच्या शेतात पाच-सहा उभे होते, आमच्याकडे बघतही नव्हते, भाताचा तरवा खात होते. ज्याचं शेत होतं त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याला फोटो हवा असतो, त्याला भात हवं असतं.

आणि एप्रिल-मेत पाणी आटतं. तीनशे इंच पाऊस पडणाऱ्या गावात बायका हंडे घेऊन लांबच्या झऱ्यावर जातात हे तुला खरं वाटणार नाही. उतार फार, माती पातळ, जांभ्यातून पाणी झिरपून खाली दरीत जातं. आमच्या मागचा व्हाळ मेमध्ये बोटाएवढा वाहतो. ह्यांनी तिथं पोत्यांत माती भरून छोटा बांध घातलाय. खात्यातला माणूस सापडला की गावकरी सोडत नाहीत, आता अजून दोन ठिकाणी बांधायचे आहेत.

भाऊजींना सांग, प्लॉटचं मनातून काढून टाका. आंबोली, चौकुळ आणि गेळे या तिन्ही गावांतल्या जमिनीचा कबुलायतदार गावकरांचा, म्हणजे गावानं सामायिक धरलेल्या जमिनीच्या मालकीचा, प्रश्न इतका जुना आहे की सातबारा दाखवून “मोकळी जमीन आहे” म्हणणाऱ्या दलालाला दारात उभं करू नका. आमचं घर सासऱ्यांच्या वेळचं. हवं तितके दिवस येऊन राहा, विकत घ्यायचं काही नाही.

येताना निपाणीवरून आजरा करत या, आंबोलीचा घाट लागत नाही. आजऱ्यात उतरून दोन किलो घनसाळ तांदूळ घे, सीलबंद नको, मोकळा, नाकाशी धरून बघ. सोबत बॅटरी, तळव्याला पकड असलेल्या चपला आणि तुझी लोकर. ह्यांना पावसाची वही लिहायला पक्की शाई असलेली पेनं हवी आहेत, पाणी लागलं तरी न पसरणारी. इथं मिळत नाहीत, लक्ष्मी रोडला बघ.

तारीख कळव. फोन लागला नाही तर शेजारच्या वहिनींच्या मुलाला मेसेज टाक, तो डोंगरावर चढून रोज संध्याकाळी रेंज घेतो. नंबर मागच्या पत्रात दिला होता.

तुझी,
मंदा

ता. क. : आत्ताच आकडा आला, १८४ मिलिमीटर. हे खूश आहेत. मी पिठी टाकते.