मला बोटीवर न घेणाऱ्या मालवणच्या दादांस

दादा,
सप्रेम नमस्कार.

मोसमात तुमच्याकडे स्कूबा डायव्हिंगला रोज एवढी माणसं येतात, त्यात कोल्हापूरची फिजिक्स शिकवणारी बाई कुठली लक्षात राहायला! खूण सांगते. मालवणच्या जेटीवर तुम्ही माझा फॉर्म वाचलात, 'सर्दी' या शब्दाखाली पेनाने रेघ ओढलीत आणि भरलेले पैसे परत माझ्या हातात ठेवलेत. "आज नाय ताई. कान फुटतलो." आमच्या घरचे तुमच्याशी हुज्जत घालत होते, एवढ्याशा सर्दीने काय होतंय म्हणून. शेजारचा होडीवाला मला न्यायला तयार होता, आणि तोही कमी पैशांत. तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाहीत. मला म्हणालात, समुद्र खंय जाणा नाय, बरी होऊन ये.

हे पत्र मुख्यतः त्या नकारासाठी आहे.

अकरावीच्या मुलांना मी वर्षानुवर्षं बॉइलचा नियम शिकवते. दाब दुप्पट, आकारमान निम्मं. फळ्यावर हे एका ओळीत संपतं. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो, कानाच्या पडद्यामागची हवा आक्रसते, आणि तिथे नवी हवा पोहोचवायला घशापासून कानापर्यंत एक बारीकशी नळी असते. सर्दीत नेमकी तीच सुजून बंद होते. मग नाक चिमटीत धरून कितीही फुंका. हे सगळं मला पाठ होतं, पण माझ्या कानाला ते लागू आहे हे तुमच्यामुळे कळलं. पुढच्या जानेवारीत धडधाकट होऊन आले, तेव्हा दोन-अडीच मीटरांवरच कानात कळ आली. तुम्ही मागून सिलिंडर धरून होतात. हाताने 'थांब' म्हणालात, मला थोडं वर घेतलंत, नाक दाबायची खूण केलीत. टक् झालं आणि कान मोकळा. मग पुन्हा खाली. कुठेही घाई नाही. मागचं गिऱ्हाईक होडीत ताटकळत होतं, तरी नाही.

उतरण्याआधी तुम्ही दोनच गोष्टी घोकून घेतल्या होत्यात. श्वास कधीही कोंडायचा नाही, कारण वर येताना छातीतली हवा फुगते. आणि अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'झकास' नव्हे, 'मला वर घेऊन चला' असा. दुसरी सूचना आमच्यातला एकजण विसरला आणि खूश होऊन दोनदा वर जाऊन आला, ते असो.

आता पावाबद्दल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागच्या अंगाला, जिथे आपण उतरलो, तिथे इतर होड्यांतली मंडळी पावाचे तुकडे घेऊन खाली येत होती. पाव कुस्करला की माशांचा गराडा पडतो, फोटो भारी येतो. मलाही तसा फोटो हवा होता. होडीत मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "मासे पावासाठी येतत, तुमच्यासाठी नाय." आणि खाली नेऊन मला एका खडपासमोर आडवं तरंगत ठेवलंत. हात छातीशी, काही धरायचं नाही, काही करायचं नाही, फक्त बघायचं.

पहिला मिनिटभर काहीच दिसलं नाही. सगळं करड्या-निळ्या रंगाचं. मग काळ्या पट्ट्यांचा एक हाताएवढा मासा माझ्या मास्कवर चालून आला. मागे फिरला, पुन्हा आला. मला वाटलं, हा असा का पिसाळलाय? तुम्ही खडकाच्या एका सपाट भागावर टॉर्च मारलात. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, म्हणून जे नुसतं मळकट डाग दिसत होतं ते प्रकाशात एकदम जांभळं झालं. हजारो बारीक अंडी, खडकाला चिकटलेली! तो बाप होता. सार्जंट मेजर म्हणतात ना त्यांना, त्यांच्यात अंडी राखायचं काम नराचं. शेपटीने त्यांच्यावर पाणी घालायचा, एखादं मेलेलं अंडं तोंडाने उचलून टाकायचा, दुसरा मासा जवळ फिरकला की त्याच्या अंगावर जायचा. आणि मधेच माझ्या. एवढी मोठी, बुडबुडे सोडणारी बाई, तरी तो मागे हटेना. पाव घेऊन आले असते तर गर्दीत हा मला दिसला असता का, सांगा.

त्याच खडकाच्या फटीतून दोन लांब मिशा हलत होत्या. शेवंड, म्हणजे लॉब्स्टर. पलीकडून तांबोशी मासा गेला. होडीत परतल्यावर तुम्ही एकेकाची नावं सांगत होतात तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखं झालं, कारण यांतली निम्मी मंडळी मला फक्त ताटातली ओळखीची. तुमच्या घरी रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायचा धंदा, तुम्हाला दोन्हीकडची ओळख. १९८७ सालापासून हा भाग सागरी अभयारण्य आहे, हेही तिथेच तुमच्याकडून कळलं. शाळेच्या सहलीत किल्ला बघितला होता, तटाखाली प्रवाळ वाढतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर अंदमानला स्वराज द्वीपावर जाऊन रीतसर कोर्स केला. तिथलं पाणी आपल्यापेक्षा पुष्कळ नितळ, खोटं कशाला बोलू. समुद्रफुलाच्या झुबक्यात क्लाउनफिश बघितले. त्यांच्यात सगळ्यांत मोठी ती मादी, आणि ती मेली तर तिचा नरच मादी होतो. एका जागी तर बोटभर लांबीचे निळे मासे मोठ्या गोबरा माशाच्या उघड्या जबड्यात शिरून परजीवी वेचत होते, आणि तो दाढ दाखवायला आलेल्या पेशंटसारखा निमूट थांबला होता. इतर लोक भराभर पुढे जात होते. मी तिथेच थांबले. तिथल्या प्रशिक्षक ताईंनी नंतर विचारलं, हात न मारता एका जागी तरंगायला कुठे शिकलात? मी अभिमानाने 'मालवण' म्हटलं. पोरायटीससारखं गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं. पायातल्या फिनच्या एका फटक्यात त्याची किती वर्षं जातात याचा हिशेब मुलांना घालते आता.

तर दादा, मनापासून आभार. पावसाळा सरला, पाणी निवळलं की डिसेंबरात येतेय. यंदा भाची बरोबर आहे. तिला लहानपणी दमा होता, म्हणून छातीच्या डॉक्टरांना दाखवून त्यांचा दाखला घेऊनच आणते; तुम्ही तो आधी व्हॉट्सॲपवर मागवून घ्या, म्हणजे जेटीवर वेळ जायला नको. तिचे केस लांब आहेत, मास्कमध्ये अडकून पाणी शिरेल, तेवढं बघा. आणि आईंना सांगा, कोल्हापूरचा गूळ आणतेय, या वेळी ढेप मोठी आहे.

तुमची,
कोल्हापूरची ताई