खोक्यावर १६ ते ६०० ओहम, जॅकमध्ये ४५: हेडफोन साउंड कार्डाबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : साउंड कार्डाच्या हेडफोन जॅकमधील दोष, खोक्यावरील दिशाभूल करणारी माहिती आणि पूर्ण पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचे एक इंटर्नल, म्हणजे संगणकाच्या आत बसवायचे, साउंड कार्ड मी तीन महिन्यांपूर्वी घेतले. त्याबद्दल आपल्या मदत केंद्राला पाच वेळा लिहिले. पाचही वेळा माझी बोळवण झाली, म्हणून आता सविस्तर लिहीत आहे. हे पत्र कार्डाचे सर्किट समजणाऱ्या माणसाने वाचावे, ही विनंती.

मी दिवसभर संगणकावर काम करते आणि रात्री घर झोपले की त्याच संगणकावर गाणी ऐकते. हेडफोन चांगले आहेत, ३२ ओहमचे (ओहम हे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे, म्हणजे इम्पिडन्सचे, माप). ते घेण्यातच बरेच पैसे गेले होते. मदरबोर्डवरच्या जॅकला लावले की आवाज गढूळ यायचा आणि खर्ज फुगायचा. वेगळा डॅक (फाइलमधल्या आकड्यांचे ध्वनीच्या विद्युतसंकेतात रूपांतर करणारे उपकरण) आणि वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घेणे परवडणारे नव्हते. आपल्या खोक्यावर ‘हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर अंतर्भूत, १६ ते ६०० ओहम’ आणि ‘१२० डेसिबल’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. एका कार्डात दोन्ही गोष्टी होतील, या एकाच कारणासाठी मी ते घेतले. पाच महिने थोडे थोडे बाजूला टाकून जमवलेले पैसे होते.

कार्ड बसवल्यावर पहिल्याच रात्री किरकिर ऐकू आली. एखादे लांब पान उघडून माउसचे चाक फिरवले की कानात कागदावर नख ओढल्यासारखा बारीक आवाज येतो आणि चाक थांबले की तोही थांबतो. ग्राफिक्स कार्डावर ताण आला की त्या जागी एक अखंड शीळ सुरू होते. कार्ड ग्राफिक्स कार्डाला लागून होते, म्हणून ते काढून सर्वांत लांबच्या स्लॉटमध्ये बसवले. किरकिर कमी झाली, गेली नाही. समोरच्या पॅनलची वायर काढली, कार्डाच्या मागच्या जॅकलाच हेडफोन लावले, तरी तेच. महत्त्वाची गोष्ट अशी की आवाज १०० वरून १० वर आणला तरी किरकिर तेवढीच राहते. याचा अर्थ ती गाण्याच्या फाइलमधून येत नाही, आवाज कमी-जास्त करण्याचे काम जिथे होते त्याच्या पुढे कुठेतरी मिसळते. ड्रायव्हरमध्ये ‘लो गेन’ आणि ‘हाय गेन’ असा पर्याय आहे (गेन म्हणजे संकेत किती पट वाढवायचा ते). तो बदलून पाहिला. गाण्याचा आवाज कमी झाला, किरकिर जागच्या जागी. म्हणजे हा गेन बहुधा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बदलतच नाही, सॉफ्टवेअरमध्ये नुसता आकडा कमी होत असावा.

गाणे सुरू होण्याआधीचे दोन क्षण, गाणारीने घेतलेला श्वास, स्वर विरत जातो तो शेवट, हे ऐकण्यासाठीच मी हेडफोन घेतले. नेमक्या त्याच जागी आपल्या कार्डाचा आवाज भरून राहतो.

आता त्या १२० डेसिबलविषयी. गाण्याचा आवाज कार्डाच्या स्वतःच्या नॉइजपेक्षा, म्हणजे खरखरीपेक्षा, किती वर आहे ते हा आकडा सांगतो. आपल्या संकेतस्थळावरच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, अगदी बारीक टाइपात लिहिले आहे की हा आकडा लाइन-आउटचा, म्हणजे स्पीकर किंवा वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडण्याच्या जॅकचा, आहे. हेडफोन जॅकचा आकडा कुठेच दिलेला नाही. लाइन-आउटचा आकडासुद्धा २ व्होल्टच्या पूर्ण पातळीशी तुलना करून काढलेला आहे. माझ्या हेडफोनला रात्री ०.१ व्होल्टही पुरतात. ते वीसपट कमी झाले, म्हणजे २६ डेसिबल तिथेच गेले. आपला आकडा खोटा आहे असे मी म्हणत नाही, पण तो ज्या जॅकचा आहे तो जॅक मी वापरत नाही. ‘हेडफोनसाठी’ म्हणून विकलेल्या वस्तूच्या खोक्यावर तो छापणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

तरीही माझी मुख्य तक्रार किरकिरीची नाही. मदरबोर्डवर फुगणारा खर्ज या कार्डावरही फुगलेलाच राहिला, म्हणून मला शंका आली आणि मी स्वतः मोजमाप केले. पद्धत साधी आहे. १०० हर्ट्झचा शुद्ध स्वर वाजवायचा, जॅकवर काहीही न जोडता मल्टिमीटरने व्होल्टेज पाहायचे, मग हेडफोनच्या जागी ३३ ओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा पाहायचे. आवाजाची पातळी अशी ठेवली की काही न जोडता मीटरवर १.०० व्होल्ट दिसावेत. रेझिस्टर जोडताच काटेकोर ०.४२. तीन वेगवेगळ्या रात्री मोजले, तिन्ही वेळा तेच. हिशेब केला तर आपल्या हेडफोन जॅकचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे जॅकच्या आतलाच अडथळा, ४५ ओहमच्या थोडा वर येतो.

३२ ओहमच्या हेडफोनसाठी तो ४ ओहमच्या आत असावा, म्हणजे हेडफोनच्या एक-अष्टमांश, असा या क्षेत्रातला सर्वमान्य ठोकताळा आहे, आणि आपल्या अभियंत्यांना तो नक्कीच ठाऊक असणार. हेडफोनचा इम्पिडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. माझ्या हेडफोनच्या आलेखात तो मध्य सप्तकात ३२ आहे आणि ९० हर्ट्झजवळ ७० पर्यंत चढतो. मध्ये ४५ ओहम अडकवले की खालच्या स्वरांना व्होल्टेजचा मोठा वाटा मिळतो आणि खर्ज सव्वातीन डेसिबलने वर येतो. आपल्या प्रतिनिधीने मला लिहिले की ‘काही ग्राहकांना ही ऊब आवडते’. मला ती नको आहे. इक्वलायझरने (ठरावीक स्वरांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या सॉफ्टवेअरने) ९० हर्ट्झजवळ तीन डेसिबल कमी केले की खर्ज बराचसा ताळ्यावर येतो, पण हे मी कार्ड न घेता, फुकटात, मदरबोर्डवरही करू शकले असते. आणि किरकिरीला इक्वलायझर नाही.

‘१६ ते ६०० ओहम’ या दाव्यात ६०० चा आकडा लोकांना भारी वाटतो. पण ६०० ओहमच्या हेडफोनला ४५ ओहमचा अडसर जाणवतही नाही. खरी कसोटी १६ च्या टोकाला आहे, आणि तिथेच आपले कार्ड सर्वांत कमी पडते. १६ ओहमच्या हेडफोनपर्यंत जेमतेम चतुर्थांश व्होल्टेज पोहोचेल.

तुलनेसाठी मदरबोर्डचा जॅक मोजला. तो ७५ ओहमच्या आसपास आला, म्हणजे सुधारणा थोडी झाली, पण ४ ओहमपासून दोन्ही दूरच. मग मैत्रिणीकडून फोनला लावायचे बोटभर लांबीचे यूएसबी डोंगल आणले. त्यावर रेझिस्टर जोडल्यावर १.०० चे ०.९७ झाले, म्हणजे जेमतेम १ ओहम. चाक फिरवले, ग्राफिक्स कार्डावर ताण दिला, कानात काही नाही. ते डोंगल आपल्या कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. आवाज फार मोठा होत नाही एवढेच, पण माझ्या हेडफोनला तो पुरून उरतो. हे मला खरेदीच्या आधी कळले असते तर इतके पैसे घालवले नसते, याचे मनापासून वाईट वाटते.

आपल्या मदत केंद्राने काय केले, तेही सांगते. पहिल्या पत्राला उत्तर आले, ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. टाकला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा विंडोज नव्याने बसवा. त्यात माझी एक पूर्ण सुट्टी गेली. चौथ्यांदा हेडफोन सदोष असतील असे कळवले, म्हणून ऊब आवडण्याचा तो सल्ला येण्याआधी मी दुसऱ्या दोन हेडफोनवरही तपासून पाहिले. या टोलवाटोलवीत परतीची मुदत टळून गेली, आणि ती टळल्यावर तिसऱ्या दिवशी ‘आपली समस्या सुटली आहे’ असा मेल येऊन तक्रार परस्पर बंद झाली. माझी पहिली तक्रार कार्ड मिळाल्यापासून चौथ्या दिवशीची आहे. त्यामुळे मुदतीचे कारण मला मान्य नाही.

माझे पूर्ण पैसे, कुरिअरच्या खर्चासह, परत करावेत. बदली कार्ड नको, कारण ४५ ओहम ही एका नगातली चूक नसून सर्किटची रचना असावी. तसे नसेल तर आपल्या प्रयोगशाळेतले मोजमाप मला पाठवा, मी माझे म्हणणे बदलेन. शिवाय खोक्यावर आणि संकेतस्थळावर हेडफोन जॅकचा आउटपुट इम्पिडन्स आणि त्याच जॅकवरचा नॉइजचा आकडा छापावा. बेताच्या पैशांत चांगले ऐकू पाहणाऱ्या माणसाला निवड करण्यासाठी हेच दोन आकडे लागतात. १९२ किलोहर्ट्झचा सॅम्पलिंग दर (ध्वनीचे एका सेकंदात किती नमुने घेतले ते) नसला तरी त्याचे काही अडत नाही.

सोबत पावतीची प्रत, मीटरची छायाचित्रे, किरकिरीचे ध्वनिमुद्रण आणि पाचही पत्रांची उत्तरे जोडली आहेत. कार्ड अँटिस्टॅटिक पिशवीत घालून मूळ खोक्यात ठेवले आहे. ते न्यायला माणूस कधी पाठवता, तेवढे पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक