नळीच्या आतली खूण

हायडेलबर्ग,
१४ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

विळीवर कापलेले आईचे बोट भरून आल्याचे ताईने कळवले आणि त्याच निरोपात तुमचा प्रश्नही पोहोचला: जखमेच्या कडेच्या पेशी मधल्या मोकळ्या जागेकडे सरकतात असे मी म्हणते, तर कोणत्या दिशेला सरकायचे हे त्यांना कसे कळते? फोनवर याचे उत्तर धड देता येत नाही, कारण मध्येच आई आज काय जेवलीस म्हणून विचारते. म्हणून सविस्तर लिहिते.

पेशीच्या आत सूक्ष्मनलिकांचे, म्हणजे पोकळ नळ्यांचे जाळे असते. एका नळीची जाडी सुमारे २५ नॅनोमीटर. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या जोड्या एकापुढे एक लागून धागा होतो आणि असे बहुधा १३ धागे कडेने चिकटून नळी बनते. या नळ्यांवरून पेशीतल्या मालाची ने-आण होते, म्हणून आमच्याकडे त्यांना सर्रास रूळ म्हणतात. दादर-माटुंग्याच्या पट्ट्यात हातोडा आणि पाना घेऊन आयुष्यभर रूळ तपासत चाललेल्या तुमच्यासारख्या कीमनला ही उपमा पटणार नाही, कारण हे रूळ एका टोकाने वाढत जातात आणि अचानक उसवून मिनिटभरात नाहीसे होतात. हा चंचलपणा मिचिसन आणि किर्शनर यांनी १९८४ मध्ये दाखवून दिला. सरकणाऱ्या पेशीला तो लागतोच. ती खालच्या पृष्ठभागाला ठिकठिकाणी चिकटलेली असते, आणि नळ्यांची टोके त्या जागांपर्यंत पोहोचली की तिथली पकड सैल होते; तशी ती झाली नाही तर पुढचे पाऊल पडले तरी मागचे सुटत नाही.

अण्णाकाकांच्या अंगठ्याच्या दुखण्यावर डॉक्टर कोल्चिसीनची गोळी देतात ना, तिचा खेळ इथेच आहे. ते द्रव्य पावसाळ्यात गावाकडच्या कुंपणावर फुलणाऱ्या विषारी कळलावीतही असते. ते ट्युब्युलिनला चिकटते, नवी नळी बनू देत नाही, आणि सुजलेल्या सांध्याकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींची धाव मंदावते. गोळीच्या गुणामागचे हे एक कारण आहे.

पण गोळी नळीच मोडते. माझे काम आहे ते नळी न मोडता तिच्यावर उमटणाऱ्या रासायनिक खुणांवर, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यांतल्या एका खुणेत बरेचसे सापडते. ट्युब्युलिनच्या एका शेपटीच्या टोकाला टायरोसीन हे अमिनो आम्ल असते. नळी काही काळ टिकली की एक एन्झाइम ते टोक छाटून टाकते. गुंडरसन आणि बुलिन्स्की यांनी १९८८ मध्ये पेशींच्या थरावर ओरखडा काढून पाहिले, तेव्हा कडेच्या पेशींमध्ये अशा छाटलेल्या, टिकाऊ नळ्या नेमक्या जखमेच्या दिशेने तोंड करून उभ्या होत्या. माल वाहणाऱ्या कायनेसिन प्रथिनांपैकी काहींना छाटलेली नळी अधिक मानवते. म्हणजे पुढे न्यायचा माल पुढच्याच बाजूला जातो. ही छाटणी होते हे १९७० च्या दशकापासून ठाऊक होते, पण छाटणारे एन्झाइम हाती लागायला २०१७ साल उजाडले! आमच्या धंद्यातली ही दिरंगाई ऐकून तुम्ही हसाल.

दुसरी खूण माझ्या कामाची, ॲसिटिल नावाच्या छोट्या रासायनिक गटाची. ती १९८५ मध्ये एका हिरव्या शेवाळाच्या शेपटीत सापडली. ती ट्युब्युलिनच्या चाळिसाव्या जागेवरच्या लायसीन या अमिनो आम्लावर बसते, आणि ही जागा नळीच्या आतल्या अंगाला आहे. खूण करणाऱ्या एन्झाइमला उघड्या टोकातून किंवा भिंतीतल्या भगदाडातून आत शिरावे लागते. शिवाय ते कमालीचे संथ आहे, त्यामुळे जी नळी जास्त जगते तिच्यावर खुणा जास्त, जशी जुन्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर काजळी. महिन्यापूर्वी मी पेशींची एक डिश बर्फावर ठेवून फोन घ्यायला गेले आणि अर्ध्या तासाने परतले. थंडीत या नळ्या विरघळतात. प्रयोग वाया गेला होता, पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर बहुतेक जाळे पुसले गेले होते आणि केंद्रकाच्या भोवती मोजक्या वाकड्या नळ्या उरल्या होत्या, त्या जवळजवळ सगळ्या ॲसिटिलच्या रंगाने उजळलेल्या. मात्र खूण आहे म्हणून नळी टिकली असे यावरून म्हणता येत नाही. टिकली म्हणून खूण बसली, हेही तितकेच खरे असू शकते. खुणेमुळे नळी लवचीक होते आणि वारंवार वाकवली तरी सहज तुटत नाही, एवढे मात्र २०१७ मध्ये सिद्ध झाले.

आता चालण्याविषयी. ही खूण पुसणारे एचडीएसी-६ हे एन्झाइम २००२ मध्ये ओळखले गेले, आणि ते जास्त असलेल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतकातल्या, पेशी अधिक वेगाने सरकल्या. ते एन्झाइम औषधाने अडवले की चाल मंदावते. माझ्याही डिशमध्ये, पिपेटच्या टोकाने काढलेला ओरखडा साध्या पेशींनी रात्रीत बुजवला आणि औषध घातलेल्या डिशमध्ये सकाळी मधे पट्टा मोकळाच होता. यावरून कित्येक लोक या खुणेला ब्रेक म्हणून मोकळे होतात. मला ते घाईचे वाटते, कारण २०१९ मध्ये मेंदूतल्या ॲस्ट्रोसाइट पेशींमध्ये उलटे दिसले: तिथे खूण करणारे एन्झाइम काढून घेतले तेव्हा पृष्ठभागावरची पकड वेळेवर सुटेना आणि पेशी रेंगाळल्या. एकच खूण, एकच जागा, आणि परिणाम दोन.

अल्ट्रासॉनिक तपासणीवाले रुळाच्या बाजूला लाल रंगाची फुली मारून जात, ते तुम्ही मला लहानपणी माटुंग्याच्या पुलावरून दाखवले होते. दोष रुळाच्या पोटात, बाहेरून काही दिसायचे नाही. त्या फुलीने गाडी हळू होत नव्हती. फुली वाचून कोणीतरी कॉशन ऑर्डर, म्हणजे वेग कमी करण्याचा लेखी हुकूम, काढत असे आणि मग मोटरमन वेग कमी करत असे. आमची फुली तर नळीच्या आतच आहे, आणि फायब्रोब्लास्टमध्ये व ॲस्ट्रोसाइटमध्ये ती वाचून वेगवेगळा हुकूम काढणारे कोण आहे, ते मी शोधते आहे. फुली मारल्यापासून ऑर्डर मोटरमनच्या हाती पडेपर्यंत कागद कोणाकोणाच्या हातून जाई, ते मला क्रमाने लिहून पाठवाल का? आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी