खाजेची ट्यूब द्या हो!

मा. संपादक,

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली म्हणून आत्ताच लिहितोय. गेल्या चवथीला डिचोलीच्या आमच्या मूळ घरात 22 माणसं जमली, सोप्यात चटया टाकून सगळे एका रांगेत झोपलेले, बाहेर धो धो पाऊस आणि न्हाणीत खिळ्याला तीन-चार ओले टॉवेल, जो हाताला लागेल त्याने अंग पुसायचं. पुतण्या, वेर्ण्याला कंपनीत आहे, जांघेत गजकर्ण घेऊन आला होता पण लाजेने बोलला नाही आणि महिन्याभरात माझ्या कमरेवर, बायकोच्या पोटावर, मुलीच्या मानेवर तेच लाल गोल चट्टे.

रक्त खराब झालंय, आंबट खाऊ नको, हे लगेच ऐकावं लागलं (सोलकढी बंद झाली माझी!). रक्ताचा काही संबंध नाही, ही बुरशी. कातडीच्या वरच्या थरावर जगते आणि खवल्यांबरोबर टॉवेल, चादर, कपड्यांतून दुसऱ्याला लागते, मांजराच्या पिल्लाकडूनही येते. त्यात पावसात आपली जीन्स तीन-तीन दिवस वाळत नाही, तशीच दमट चढवून स्कूटर हाणतो आपण.

पण खरा राग आहे तो फार्मसीवर. खाज म्हटलं, काउंटरवरच्या पोराने काही न विचारता ट्यूब काढून दिली. दोन दिवसांत खाज गायब, मी खूश, बंद केली तर चट्टे दुप्पट. स्किनच्या डॉक्टरनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली, त्यात क्लोबेटासोल, म्हणजे कडक स्टिरॉइड. ते खाज दाबतं आणि कातडीची प्रतिकारशक्तीही दाबतं, मग बुरशी मोकाट, वर कातडी पातळ होऊन कायमचे व्रण. असली क्रीमं 2018 पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, पण विचारतो कोण? आणि आता तर ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची, आपल्या देशाचंच नाव लागलेली बुरशी पसरलीय, ती बऱ्याचदा टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या गोळीलाही दाद देत नाही.

आम्हा सगळ्यांना एकदम औषध घ्यावं लागलं, चट्टे गेल्यावरही दोन आठवडे, कपडे गरम पाण्यात आणि ऊन नसेल तेव्हा इस्त्री. वैताग!

औषध खात्याने चवथीआधी फार्मसींवर एक फेरी मारावी एवढीच विनंती. बाकी पुतण्याला सांगून ठेवलंय, यंदा माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळं-पानांच्या मांडवाचं) सामान नाही आणलंस तरी चालेल, टॉवेल तुझा तू आण.

एक वाचक, डिचोली