तळाशी करपलेलं रेझिन

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडूनच म्हणालीस, "बाबा, सरकारी प्रयोगशाळेनं संशोधन करावं, पेपर छापावेत. कंपन्या काढायचा उद्योग कशाला?" तेव्हा तुला घाई होती, म्हणून लिहितोय.

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही एकदा एक रेझिन, म्हणजे राळेसारखं चिकट रसायन, बनवलं होतं. फ्लास्कमध्ये शंभर ग्रॅम अगदी देखणं उतरायचं. पन्नास लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये मात्र तळाशी करपायचं आणि वर कच्चं राहायचं. पेपर छापून झाला होता, त्यामुळे साहेबांच्या लेखी काम संपलं होतं. कारखानदार म्हणाला, "टनभर करून दाखवा, मग बोलू." ते करून दाखवायला ना पैसा होता, ना ते कुणाचं काम होतं. फाइल कपाटात गेली. विद्यापीठ तिथवर उतरत नाही आणि कंपनी तेवढा धोका पत्करत नाही. ही मधली जागा भरायची कुणी?

तैवानची आयटीआरआय ही उद्योगांसाठी संशोधन करणारी सरकारी संस्था 1973 ची. तिनं 1976 मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीशी करार करून चिपचं तंत्र घेतलं, तरुण इंजिनिअर तिकडे शिकायला धाडले, मग प्रायोगिक कारखाना उभारला. त्यापुढचं मला सगळ्यात मोठं वाटतं: तिनं माणसं धरून ठेवली नाहीत. 1980 मध्ये यूएमसी आणि 1987 मध्ये टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपन्या तिच्यातूनच बाहेर पडल्या. टीएसएमसी उभी करणारे मॉरिस चँग तेव्हा संस्थेचेच प्रमुख होते. आमच्याकडे हुशार माणूस सोडून चालला की निरोप समारंभात सुतक असायचं!

तुझं म्हणणं अगदीच चूक आहे असंही नाही. जर्मनीच्या फ्राउनहोफर या उद्योगांसाठी संशोधन करणाऱ्या संस्थेला सरकारचं मूळ अनुदान खर्चाच्या साधारण एक तृतीयांश मिळतं. उरलेलं उद्योगांच्या करारांतून आणि सरकारी प्रकल्पांतून मिळवावं लागतं. एमपी3 घडवण्यात तिच्या एर्लांगनच्या संस्थेचा मोठा वाटा. पण ते मूळ अनुदान काढून घेतलं, तर संस्था गिऱ्हाइकांचे नमुने तपासत बसेल. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतले जॉन ओ'सुलिव्हन कृष्णविवरांच्या स्फोटांचे रेडिओ संकेत शोधत होते. ते सापडले नाहीत. पण धूसर संकेत स्वच्छ करायचं ते गणित पुढे वायफायच्या कामी आलं, 1996 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं आणि कोर्टकज्जे करून संस्थेनं 40 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त वसूल केले. कृष्णविवरांसाठी कुठल्या कंपनीनं करार केला असता?

तेव्हा अशा संस्थेत रुजू होण्याआधी दोन गोष्टी विचारून घे. कंपनी काढायला रजा घेतली, तर परत यायला जागा राहते का? आणि पेटंटच्या पैशात शोधणाऱ्याचा वाटा किती? उत्तर द्यायला चाचरले, तर समजून जा.

रेझिनची वही अजून माझ्याकडे आहे. ढवळायचं पातं चुकीचं होतं, एवढंच. चिकट मालाला भांड्याच्या कडेला घासून फिरणारं पातं लागतं.

तुझा,
बाबा