नुसतं लेबल चुकलं म्हणून रेकॉर्ड लाखाची होत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या रेकॉर्डवर लेख आला होता. छान होता, पण त्यात बीटल्सच्या 'लव्ह मी डू'च्या प्रोमो, म्हणजे जाहिरातीसाठी वाटायच्या रेकॉर्डबद्दल दोनच ओळी होत्या, की लेबलवर नाव चुकीचं छापलं गेलं आणि म्हणून ती लाखांत गेली. तेव्हापासून मला तीन फोन आले, कारण ओळखीतल्या लोकांना माहितीये मी रेकॉर्ड जमवतो, आणि तिघांचा प्रश्न एकच, आमच्याकडे पण एक चुकलेल्या लेबलची आहे, किती येतील हो? एकाने तर विकायच्या आधीच पैशाचं काय करायचं ते ठरवून टाकलं होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ती रेकॉर्ड काय आहे ते आधी बघू. ५ ऑक्टोबर १९६२ ला इंग्लंडमध्ये पार्लोफोनच्या नावाखाली बीटल्सची ही पहिली सिंगल, म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेली छोटी रेकॉर्ड, निघाली, नंबर ४५-आर ४९४९, मागच्या बाजूला 'पी.एस. आय लव्ह यू'. दुकानात आली ती लाल लेबलची. त्याच्याआधी रेडिओवाल्यांना वगैरे वाटायला फक्त २५० प्रती काढल्या होत्या, पांढरं लेबल आणि त्यावर मोठा लाल 'ए'. या प्रतींवर गीतकार म्हणून लेनन आणि मॅकार्टनी यांची नावं छापताना मॅकार्टनीच्या स्पेलिंगमधला दुसरा 'सी' गळाला. २०१७ मध्ये यातली एक प्रत डिस्कॉग्ज या रेकॉर्ड विकणाऱ्या वेबसाइटवर १४,७५७ डॉलरला विकली गेली, तेव्हाच्या भावाने साडेनऊ लाखांच्या आसपास.

आता नीट बघा, स्पेलिंगची चूक त्या सगळ्याच्या सगळ्या २५० प्रतींवर आहे. म्हणजे बरोबर स्पेलिंगची प्रोमो मुळात नाहीच, मग चुकीमुळे ती दुर्मिळ कशी झाली? ती दुर्मिळ आहे कारण २५०च काढल्या, त्यातल्या कितीतरी वापरून फेकल्या गेल्या असणार, आणि ती बीटल्सची पहिली आहे. चुकलेलं नाव ही तिची ओळखीची खूण आहे, एवढंच. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो कारण सगळी फसवाफसवी इथेच होते.

दुसरं म्हणजे चूक नक्की कुठे झाली ते शोधायला लागतं. लेबल रेकॉर्डवर गोंदाने चिकटवत नाहीत, प्रेसमध्ये खाली एक लेबल, वर एक लेबल, मध्ये गरम प्लास्टिकचा गोळा आणि दोन्हीकडून स्टॅम्पर, म्हणजे धातूचे साचे, दाबतात, तेव्हाच ते बसतं. त्यामुळे छापखान्यात चूक झाली तर लेबलच्या त्या अख्ख्या गठ्ठ्यावर ती असणार, आणि प्रेसवरच्या माणसाने उलटसुलट लेबल ठेवलं तर त्याच्या लक्षात येईपर्यंत जेवढ्या निघतील तेवढ्याच, कधी एक कधी पन्नास, आणि त्याची नोंद कुठे सापडणं कठीणच.

तिसरं, रेकॉर्ड वाजवून बघा, नुसतं लेबल वाचू नका. अमेरिकन गायक बॉब डिलनच्या १९६३ च्या 'फ्रीव्हीलिन' अल्बममधून चार गाणी ऐनवेळी काढून दुसरी घातली. ज्या प्रतींत ती काढलेली गाणी खरोखर वाजतात त्यांची किंमत प्रचंड आहे, पण काही प्रोमो प्रतींवर नावं काढलेल्या गाण्यांची आणि वाजतात मात्र नवीनच, त्यांचा भाव वेगळा. 'लव्ह मी डू'चं पण तसंच आहे, ४ सप्टेंबर १९६२ च्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रमवर बीटल्सचा रिंगो आहे, ११ तारखेच्या रेकॉर्डिंगमध्ये अँडी व्हाइट नावाचा दुसरा ड्रमर आणि रिंगोच्या हातात टँबरीन, म्हणजे आपली खंजिरी. खंजिरी ऐकू आली की ती नंतरची, अल्बमवर घेतलेली. मूळ सिंगलमध्ये ती नाही. रिंगोवाल्या रेकॉर्डिंगची मूळ टेप राहिलीच नाही, पुढे दुसऱ्या संकलनात घ्यायला जुन्या सिंगलवरूनच ते गाणं उतरवून घ्यावं लागलं, म्हणजे ही मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी नुसती शोभेची नाही, तेच आता मूळ आहे! आणि २०१२ मध्ये पन्नास वर्षं झाली म्हणून जुन्यासारखी हुबेहूब सिंगल काढली तर त्यात चुकून खंजिरीवालं रेकॉर्डिंग गेलं आणि ती परत मागवावी लागली.

मग शोध घ्यायचा कसा, तर शेवटच्या गाण्यानंतर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते तिला रनआउट म्हणतात, ती दिव्याखाली तिरकी धरा. 'लव्ह मी डू'वर तिथे ७एक्ससीई १७१४४-१एन असा मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूच्या रेकॉर्डिंगचा कोरलेला नंबर आहे. तो नंबर खालच्या बाजूला येईल अशी रेकॉर्ड धरली की ईएमआयच्या (पार्लोफोन याच कंपनीचं) त्या काळच्या रेकॉर्डवर डावीकडे मदरचा, म्हणजे जिच्यावरून स्टॅम्पर काढतात त्या धातूच्या तबकडीचा आकडा आणि उजवीकडे स्टॅम्परची अक्षरं दिसतात, जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, असं करत एम, ओ, पी, एच, एल, टी आणि शेवटी डी म्हणजे शून्य. ग्रामोफोन कंपनी लिमिटेडच्या नावातलीच अक्षरं ती! पहिल्यांदा मला हे वाचता आलं त्या रात्री मी घरातल्या सगळ्या इंग्लिश रेकॉर्ड काढून बसलो होतो. नकली प्रती करणारे लेबल छापतात चांगलं, पण रनआउटमध्ये बहुतेक वेळा उघडे पडतात.

आणि भाव बघताना कोणी किती मागतंय ते बघू नका, कितीला विकली गेली ते बघा. मागायला काय, कोणीही काहीही मागतं.

माझंच सांगतो. बाबांच्या ट्रंकेत एक मराठी भावगीतांची ईपी, म्हणजे तीन-चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड सापडली, दोन्ही बाजूंना एकच लेबल, त्यावर जांभळ्या शाईचा शिक्का, नमुना प्रत, विक्रीसाठी नाही. शिक्क्याची शाई एका कडेला पसरलीये, बाबांनी बहुतेक ओल्या फडक्याने पुसली असणार. एका विक्रेत्याने बघून लगेच पाच हजार देतो म्हटलं, ऑनलाइन एकाने तसलीच चाळीस हजारांना लावलेली. मी दोन महिने शोधलं. तीच ईपी साध्या लेबलची चारशे-पाचशेला विकली गेलेली दिसली, आणि ती चाळीस हजारवाली अजून तिथेच पडून आहे. दोन्ही बाजूंचे नंबर मी लिहून ठेवलेत, गाणी बरोबर वाजतात, म्हणजे चूक प्रेसवरची. मी ती विकली नाही आणि विकणारही नाही.

पण याचा अर्थ घरातल्या जुन्या रेकॉर्ड रद्दीत द्या असा अजिबात नाही. आपल्याकडे खेड्यापाड्यात वीज नव्हती, चावीचे ग्रामोफोन होते, म्हणून बीटल्सची गाणी साठच्या दशकात भारतात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर निघाली, तेव्हा इंग्लंडमध्ये ७८ बंद झाल्या होत्या. आज परदेशातले लोक त्या शोधत असतात, आणि लेबल त्यांचं अगदी बरोबर आहे! तीन फोनवाल्यांपैकी एकाकडे अशी एक निघाली, खालच्या कडेला टवका गेलेली, त्याला मी सांगितलंय की पाणी लावू नको, उभी ठेव आणि आधी नंबर लिहून पाठव.

तुम्हाला एक विनंती, यापुढे अशी बातमी छापताना किती प्रती निघाल्या आणि विकली गेलेली किंमत कोणत्या सालची हे दोन आकडे तरी द्या. आणि वाचकांपैकी कोणाकडे दोन्ही बाजूंना एकच लेबल असलेली, जांभळ्या शिक्क्याची भावगीतांची ईपी असेल तर त्यांनी रनआउटचा नंबर तुमच्या पत्त्यावर कळवावा, मला माझ्या प्रतीशी जुळवून बघायचाय.

आपला,
एक जुना वाचक, पुणे