आधी दिला नाही, मग दिला, मग काढून घेतला

कोल्हापूर,
मंगळवार, रात्री उशिरा

भावा,

काल फोनवर तू जे बोललास त्यातल्या शिव्या मी ऐकून सोडून दिल्या, नातीच्या काळजीत माणूस बोलतोच. बाकीचं मात्र डोक्यात राहिलं. तू व्हॉट्सॲपवर टाकलेले सगळे कागद आज दवाखाना संपल्यावर नीट वाचले, इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट तर दोनदा.

तुझं गाऱ्हाणं असं: नात जन्मली ती गुदमरलेली, ऑक्सिजनचा सिलेंडर शेजारी उभा होता, तरी ती डॉक्टरीण साध्या हवेचा फुगा दाबत राहिली. मग ऑक्सिजन दिला. पोरीला रंग यायला लागला तसा परत कमी केला. आक्का आत उभी होती, तिनं डोळ्यांनी बघितलंय. आक्काच्या बघण्यात काही चूक नाही. पण त्या तीन गोष्टींचा मेळ तुम्ही लावलात तसा नाही. मी हे लिहून कळवतोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

आधी हृदयाचं बघू. "एवढ्याशा जिवाला हार्ट अटॅक?" म्हणालास. आपल्या वयात जो येतो तो वेगळा, त्यात रक्तवाहिनी तुंबते. तुझ्या नातीच्या वाहिन्या नव्या कोऱ्या आहेत, कुठं अडकलेलं काही नाही. तिथून वाहणाऱ्या रक्तातच ऑक्सिजन उरला नव्हता. हृदयाच्या स्नायूची एक अडचण असते. आपल्याकडे येणाऱ्या रक्तातला बहुतेक ऑक्सिजन तो आरामाच्या वेळीही काढून घेतो, त्यामुळे शिल्लक काही नसते. जास्त हवा असेल तर एकच वाट, वाहिन्या रुंद करायच्या आणि जास्त रक्त ओढायचं. बाळ गुदमरलं की शरीर कातडी, आतडी, मूत्रपिंड यांच्याकडं जाणारं रक्त पाटाच्या पाण्यासारखं तोडतं आणि मेंदू, हृदय यांच्याकडे वळवतं. थोडा वेळ हे निभतं. मग स्नायू थकतो, ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो. पाट रुंद करून ठेवलाय, पण वरून पाणीच सुटत नाही.

अशा वेळी पहिला कोण मरतो हे तुला मी सांगायला नको. टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी. हृदयात टेलला असतो तो आतला थर, आणि झडपेच्या दोऱ्या ज्यांना बांधलेल्या असतात ते स्नायूचे खुंट. ते खुंट ढिले पडले की झडप नीट मिटत नाही. रिपोर्टात 'ट्रायकस्पिड झडपेतून (हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपेतून) गळती' लिहिलंय ते हेच. रक्ततपासणीतलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, वाढलं म्हणजे स्नायूला मार बसला, एवढाच त्याचा अर्थ. झडप जन्मतः खराब नाही, सूनबाईला हे आजच सांग, ती उगाच स्वतःला दोष देत बसली असेल.

आता ऑक्सिजनचं. तुझ्या गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं कोंबून ठेवली, वारा कमी पडला, की आत जाळ दबतो आणि धूर कोंडतो. मग एकदम वारा लागला की कसा भपका बाहेर येतो? एकदा तुझ्या भुवया जळाल्या होत्या, आठवतंय? तसंच काहीसं, भट्टी फक्त फार बारीक. ऑक्सिजन नसताना पेशी आपलं इंधन मोडून खातात आणि मागे हायपोझँथिन नावाचा गाळ साठतो. वर भरमसाट ऑक्सिजन आला की त्या गाळातून विखारी कण तयार होतात. वाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटत असतं, ते वाहिनीला सैल ठेवतं. हे कण त्यालाच खाऊन टाकतात. अस्तर सुजतं, पांढऱ्या पेशी चिकटतात. म्हणजे बघ, रक्त परत आलं, ऑक्सिजन परत आला, आणि नेमकी त्याच घडीला हृदयाची वाहिनी सैल व्हायचं विसरते. गुदमरण्याचा मार एक, सुटकेचा दुसरा. डुकरांच्या पिलांवर हे पुष्कळ अभ्यासलंय, त्यांचं हृदय आपल्या बाळांच्या जवळचं असतं.

मी शिकलो तेव्हा असं काही नव्हतं. बाळ रडलं नाही की शंभर टक्के ऑक्सिजन लावा, संपलं. कितीतरी पोरांना मी स्वतः लावलाय, आणि भलं करतोय असंच वाटायचं. नॉर्वेच्या ओला सॉगस्टाड यांनी शंका घेतली. दिल्लीच्या सिद्धार्थ रामजी यांनी 1993 साली साध्या हवेवर बाळं सावरतात हे दाखवलं. मग 1998 मध्ये बऱ्याच देशांचा मिळून अभ्यास आला, त्यात भारतातली बाळं होती. 2010 पासून जगभरचा नियम असा, की दिवस भरलेल्या बाळाला सुरुवात साध्या हवेनं करायची, म्हणजे 21 टक्के ऑक्सिजन. पुढं सगळे अभ्यास एकत्र मांडले तेव्हा साध्या हवेनं सुरू केलेल्या बाळांत मृत्यू जवळजवळ चौथ्या हिश्शानं कमी दिसले. सिलेंडरवर पैसे वाचवायला कुणी हे करत नाही रे.

रक्तातला ऑक्सिजन दाखवणाऱ्या मीटरवर 65 टक्के बघून आक्का घाबरली. पण ठणठणीत बाळाचाही पहिल्या मिनिटाला आकडा 60 ते 65 असतो, पाचव्या मिनिटाला 80 ते 85. पोटात ते याहून कमीवरच वाढलेलं असतं.

मग मधे पूर्ण का दिला? कागदावर आहे: फुप्फुसात हवा नीट जात असूनही ठोके मिनिटाला साठाच्या खाली राहिले. तिथं नियम पालटतो. छाती दाबायला घ्यायची आणि ऑक्सिजन पूर्ण उघडायचा. तीन दाब, एक श्वास. मिनिटाला 90 दाब, 30 श्वास. दाबताना हृदयातलं रक्त बाहेर जातं, पण हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्या भरतात त्या हात सैल सोडल्यावर. म्हणून दर दाबानंतर हात पूर्ण सैल सुटला पाहिजे, हे मी माझ्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांना ओरडून ओरडून शिकवतो. ठोके सावरले तसा त्या डॉक्टरणीनं मीटर बघत ऑक्सिजन उतरवला. तुम्हाला काढून घेतला वाटलं, तीच तिची सगळ्यात हुशारीची गोष्ट होती. माझ्या हाताखाली असती तर पाठ थोपटली असती.

(छाती दाबून श्वास देण्याला सीपीआर म्हणतात, आणि आपल्या सरकारी दवाखान्याचं नावही सीपीआरच. तू फोनवर "सीपीआर दिला" म्हणालास तेव्हा आमची ही स्वयंपाकघरातून विचारते, "सीपीआरला नेलं? दसरा चौकात? मग डबा पाठवूया की!" आपल्या गावात या शब्दाचं असंच व्हायचं.)

तुझा राग एका जागी खरा आहे. तासभर कुणी बाहेर येऊन एक शब्द सांगितला नाही. आजोबा पॅसेजमध्ये उभा आणि आत काय चाललंय ते सफाईवाल्या मावशीकडून कळतंय, हे चालणार नाही. त्याची तक्रार लिहून दे, मी मसुदा करून देतो. ऑक्सिजनचा मुद्दा मात्र त्यातून काढ.

पुढचं: अशी बहुतेक हृदयं काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत सावरतात. चौथ्या दिवसापेक्षा दहाव्या दिवशीची गळती कमी आहे, मी दोन्ही आकडे ताडून बघितले. मेंदूचं वेगळं बघावं लागेल, त्यावर आत्ता तोंड उघडत नाही. दूध पिताना कपाळाला घाम येतो का, मधेच दमून सोडते का, श्वास जोरात चालतो का, हे वहिनींना बघायला सांग. तसं काही दिसलं तर रात्र असो की पहाट, मला फोन कर.

इको पुढच्या शुक्रवारी. अकरा वाजता ये, आक्काला आण, तिच्या तोंडून सगळं परत ऐकायचंय मला. आणि येताना काकवीची बाटली विसरू नको, मागच्या खेपेला नुसता हात हलवत आला होतास.

तुझा,
डॉक्टर (तुझ्या भाषेत 'सुईवाला')